मालनवहिनींकडची डब्यांची पार्टी

मालनवहिनी मागच्या दारानं आल्या तेव्हा मी दोरीवरच्या चादरी झटकत होते. आमचा साखर कारखाना सुरू झाला की कॉलनीत पांढरं कापड पांढरं म्हणून राहायचं नाही. चिमणीतनं उसाच्या चिपाडाची काजळी उडायची आणि नेमकी आमच्या धुण्यावर येऊन बसायची. मी कारखान्याच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात मागनं आवाज आला, "कुंदा, मोकळी आहेस का?"

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. दीड वर्षात या बाईनं आमच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

"अगंबाई, वहिनी. या की आत."

"आत नको. एक विचारायचं होतं. तू ते डब्यांचं काहीतरी करणार आहेस म्हणे. पार्टी."

झालं. कारखान्यात काही म्हणून लपत नाही. आमचे हे इंजिनिअरिंगमध्ये, वहिनींच्या यजमानांच्या, निंबाळकर साहेबांच्या हाताखाली. म्हणजे यांनी टेबलावर चेष्टा केली असणार आणि साहेबांनी ती घरी नेली असणार. गोष्ट अशी होती, की त्या काळात प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यांचं वेड नुकतंच आमच्या भागात पोचलं होतं. ते डबे दुकानात मिळायचे नाहीत. एखादीनं आपल्या घरी शेजारपाजारच्या बायका गोळा करायच्या, चहा-फराळ करायचा, आणि कंपनीच्या बाईनं येऊन सगळ्यांना डबे दाखवायचे, ऑर्डरी घ्यायच्या. यालाच पार्टी म्हणायचं. जिच्या घरी पार्टी तिला कंपनीकडनं भेट. माझ्या बहिणीला पाण्याचा जग आणि पेले मिळाले होते, आणि ते तिनं मला इतक्यांदा दाखवले की माझंही डोकं फिरलं. आमचे हे म्हणाले होते, "पार्टी म्हणजे केक कापणार का डबा?" मी लक्ष दिलं नाही.

"करणार आहे खरी," मी म्हटलं, "पण आमच्या दोन खोल्यांत कुणाला कुठं बसवू हाच घोळ आहे. कंपनीच्या मॅडम म्हणतात, तीसेक बायका तरी पाहिजेत."

"माझ्याकडं कर."

निंबाळकर साहेब चीफ इंजिनिअर. त्यांचा बंगला कॉलनीच्या टोकाला, आणि त्यातला हॉल एवढा मोठा की पूर्वी महिला मंडळाचं हळदीकुंकू, भोंडला, मुलांची गॅदरिंगची प्रॅक्टिस, सगळं तिथंच व्हायचं. पूर्वी म्हणजे वैजू होती तोवर. वैजयंती, त्यांची एकुलती एक. लाल लुना घेऊन कॉलनीभर हिंडायची, कुणाच्याही स्वैपाकघरात शिरून बरणीतलं लोणचं काढून खायची. सांगलीला कॉलेजात होती. कावीळ झाली म्हणून घरी आणली आणि आषाढात गेली. एकोणीस वर्षांची पोर. त्यानंतर त्या हॉलच्या खिडक्या मी उघड्या बघितल्या नव्हत्या.

"वहिनी, तुम्हाला त्रास होईल. गर्दी, गलका..."

"म्हणूनच म्हणते. भेट तू घे, मला जग नको की पेले नकोत. हॉल माझा, फराळ माझा. फक्त बोलवायचं कुणाला ते मी सांगणार. त्यातली एकही गळता कामा नये."

आणि त्यांनी तिथंच उभ्या उभ्या नावं सांगायला सुरुवात केली, दोरीला धरून, न अडखळता. जमदाडेकाकू. लॅबमधल्या कुलकर्ण्यांची बायको. शेती ऑफिसचे माने, उसाच्या वजनकाट्यावरचे सुतार. अकाउंटवाल्या शेंडेबाई.

"शेंडे तर रिटायर होऊन जयसिंगपूरला गेले," मी म्हटलं.

"जयसिंगपूर काय लंडनला आहे? एसटी आहे. कळव त्यांना. आणि गेटवरची हौसाबाई."

हौसाबाई म्हणजे वॉचमनची बायको. दोनशे-तीनशेचा डबा ती कशाला घेईल? कंपनीची मॅडम नाक मुरडेल ते वेगळंच. मी तसं हळूच बोलून दाखवलं.

"तिला पहिली बोलव," मालनवहिनी म्हणाल्या, आणि जाते-येते काही न म्हणता वळून गेल्या. त्या तसंच जायच्या हल्ली. दुःखाच्या घरातलं माणूस निघताना "येते" म्हणत नाही, आपणही त्यांच्या दारातनं निघताना म्हणायचं नसतं, आणि त्यांना "या" म्हणायचं नसतं. पण ते काही दिवसांपुरतं असतं. त्यांचं ते तसंच राहून गेलं होतं.

त्या संध्याकाळी मी जमदाडेकाकूंकडं गेले. काकू आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, वयानं आणि आवाजानं दोन्हीकडनं मोठ्या. त्या हो म्हणाल्या की कॉलनी हो म्हणायची. व्हरांड्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी निमंत्रण सांगितलं तसा त्यांचा हात थांबला.

"मालनकडं? विक्रीचा कार्यक्रम?"

"त्यांनीच सांगितलंय."

"आणि आपण जाऊन काय करायचं गं? भिंतीवर त्या पोरीचा फोटो, आणि आपण खाली बसून झाकणं उघडायची नि लावायची? मला नाही बाई जमायचं."

"तुम्ही किती दिवसांत गेला नाही तिकडं?"

काकूंनी एक शेंग फोडली, दाणे बघितले, टरफलांतच टाकून दिले. "जाणार होते. दिवस झाल्यावर दोनदा निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. माझा जर्मनचा मोठा डबा तिच्याकडं आहे, पिठलं-भाकरी नेलेला. दारात उभं राहिलं की तिला वाटणार, डबा मागायला आली. तुझा नाही का अडकलाय?"

माझाही होताच. पितळी कडीचा, माझ्या आईनं दिलेला. कॉलनीतल्या बहुतेक घरांचं काही ना काही त्या घरात होतं. सुतकात त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आम्ही सगळ्या पाळीपाळीनं जेवण पोचवत होतो. एरवी शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर का होईना घालून देतात. सुतकातलं मात्र रिकामंच यायचं असतं, धुऊन, तेही न बोलता. पण मालनवहिनींकडनं आमची भांडी आलीच नाहीत. आणि दुःखाच्या घरी जाऊन भांडं कोण मागणार? इतकं का आपण हलके आहोत? मग कुणी जायचं थांबलं, मग दुसरीनं थांबवलं. त्यांनाही वाटलं असेल, बायका येत नाहीत. मी तर भिंतीला भिंत लागून नसले तरी हाकेच्या अंतरावर होते, आणि मीही गेले नव्हते.

"काकू, त्यांनी तोंडानं बोलावलंय," मी म्हटलं. "दीड वर्षानं बोलावलंय. आपण गेलो नाही, तर ती बाई पुन्हा कुणाला बोलावणार नाही. मग त्या खिडक्या लागल्या त्या लागल्या."

"बघते," काकू म्हणाल्या. त्यांच्या "बघते"चा अर्थ कॉलनीत कुणालाच कधी लागला नव्हता.

चार दिवसांनी खाडिलकर मॅडम कोल्हापूरहून जागा बघायला आल्या. टापटीप बाई, ओठांना फिकी लिपस्टिक, हातात सॅम्पलची मोठी बॅग. हॉल बघून हरखून गेल्या. खुर्च्या कशा मांडायच्या, मधलं टेबल कुठं, त्यावर कुठल्या रंगाची चादर म्हणजे डबे उठून दिसतील, सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं. आधी एक खेळ घ्यायचा म्हणे, म्हणजे बायका मोकळ्या होतात. डोळे बांधून झाकण लावायचं, जिचं पहिलं लागेल तिला चमच्यांचा सेट.

"खेळ नको," मालनवहिनी म्हणाल्या.

"खेळानं वातावरण तयार होतं हो."

"वातावरण मी करते."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना बाजूला घेऊन काही सांगणार होते, पण तेवढ्यात त्यांची गाडी सुटायची वेळ झाली आणि ते राहिलंच. वैजूचा फोटो तेव्हा भिंतीवर नव्हता. भिंत झाडायची म्हणून वहिनींनी काढून आत ठेवला होता.

पार्टीच्या आदल्या दिवशी मी लाडू वळायला गेले. सकाळीच वहिनींनी निरोप धाडला होता, "रव्याचे लाडू तुझ्या हातचे पाहिजेत." कितीतरी दिवसांनी त्या स्वैपाकघरात शिरले. वर्षश्राद्ध होऊन सहा महिने झाले होते, तरी त्या घरात गोडाचा म्हणून पदार्थ झाला नव्हता, हे मला साहेबांच्या डब्यावरनं आमच्या ह्यांनी सांगितलं होतं. रवा तुपावर पडला, खमंग वास सुटला, तशा वहिनी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले. मी हात हलवत राहिले, नाहीतर रवा करपला असता.

"इतके लाडू कशाला?" मी नंतर विचारलं. परातच्या परात भरली होती. "एकेक दिला तरी निम्मे उरतील."

"उरायचे नाहीत."

वर फळीवर पांढऱ्या धोतराखाली झाकलेली भांडी होती. ती मला माहीत होती. दर धनत्रयोदशीला वहिनी वैजूच्या नावानं एक स्टीलचं भांडं घ्यायच्या, त्यावर नाव घालून आणायच्या. लग्नात रुखवतात मांडायला. वैजू चिडायची, "आई, मला काय हॉटेल काढून देणार आहेस का?" आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी मी वर बघितलं आणि खाली बघितलं. वहिनींनी ते पाहिलं.

"काढली नाहीत अजून," त्या म्हणाल्या. "कुणाला देऊ? दुसऱ्या पोरीच्या लग्नात द्यायची म्हटली तर तिच्या आईला अपशकून वाटेल. मोडीत घालायची माझी छाती होत नाही."

मग आम्ही लाडू वळत बसलो. माझ्या मनात सारखं येत होतं, की उद्या कुणी आलंच नाही तर या परातीचं काय होईल आणि या बाईचं काय होईल. शेवटी बोललेच. "वहिनी, चार कमी आल्या तर मनाला लावून घेऊ नका."

"एक जरी आली नाही, तरी माझं काम अर्धं राहणार," त्या म्हणाल्या. "कसलं काम ते उद्या कळेल तुला."

दुसऱ्या दिवशी चारची वेळ दिली होती. हॉलच्या खिडक्या सताड उघड्या, पडदे धुतलेले, सतरंज्या, खुर्च्या. मॅडमनी टेबलावर डबे मांडले. गोल, चौकोनी, लहानात मोठा, मोठ्यात त्याहून मोठा. भिंतीवर वैजूचा फोटो परत लागला होता, चंदनाचा हार घातलेला. फराळाचा चिवडा झाकून ठेवलेला. लाडू मात्र कुठं दिसत नव्हते. वहिनी निळ्या काठाची इरकल नेसून दारात उभ्या होत्या. दीड वर्षात मी त्यांना घरच्या सुती पातळाशिवाय बघितलं नव्हतं.

चार वाजून गेले, साडेचार झाले. रस्त्यावर काळं कुत्रं नाही.

मग हौसाबाई आली. आली ती पायरीशीच थांबली, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतलेला. "बाईसाब, म्या हितंच बसते. तुमी बोलवलंसा म्हणून आले."

"आत ये हौसा."

"पाय धुळीचं हाईत."

वहिनी स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. हौसाबाईनं घाईघाईनं तो त्यांच्या हातातनं घेतला, पाय धुतले आणि आत येऊन सतरंजीच्या कडेला बसली. मॅडम घड्याळाकडं बघत होत्या. हॉलमध्ये तीसेक जणींची बैठक आणि बसलेली एकटी हौसाबाई. वहिनी पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघवेना तशी मी चपला सरकवल्या आणि निघाले.

जमदाडेकाकूंच्या व्हरांड्याशी पोचले आणि बघते तर काय, सगळ्या तिथं. कुलकर्णीवहिनी, मानेवहिनी, सुतारवहिनी, झाडून सगळ्या. चांगल्या साड्या नेसलेल्या, वेण्या माळलेल्या, पर्सा मांडीवर. शेंडेबाई जयसिंगपूरहून येऊन बसल्या होत्या. एस.टी. स्टँडवर बसल्यासारख्या सगळ्या ओळीनं गप्प.

"अहो, इथं काय करताय?"

कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "पहिलं कोण शिरणार?"

"एवढंच ना? चला, मी पुढं होते."

"तसं नव्हे गं," जमदाडेकाकू म्हणाल्या. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "गेल्यावर बोलायचं काय? कशी आहेस म्हणून विचारायचं? ती कशी असणार आहे? इतके दिवस कुठं होता म्हणाली तर काय सांगायचं?"

मला एकदम रडू फुटलं आणि रागही आला. "डब्याचा भाव विचारा," मी म्हटलं. "झाकण घट्ट बसतं का विचारा. डाळीला कुठला नि साखरेला कुठला ते विचारा. तुम्हाला बोलायला सोपं जावं म्हणून त्या बाईनं टेबलभर डबे मांडून ठेवलेत, अजून काय करायचं तिनं? ती हौसाबाई एकटी जाऊन बसलीय तिथं. तिला जे कळलं ते तुम्हाला कळत नाही?"

जमदाडेकाकू उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. पदर नीट केला. "चला गं," म्हणाल्या. "फाटकापर्यंत मला रस्ता पाठ आहे. पुढचं बघू."

आम्ही सगळ्या मिळून गेलो. वहिनी दारातच होत्या. काकू पायऱ्या चढल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "डबे कितीला गं मालन?"

"लहान दोनशेला," मालनवहिनी म्हणाल्या. "मोठ्याचं मॅडम सांगतील. या, बसा."

बायका बसल्या. पण कशा, तर कुणी भिंतीकडं बघेना. टेबलाकडं बघायचं, मांडीकडं बघायचं, फोटोकडं नाही. खाडिलकर मॅडमनी सुरुवात केली. त्या बोलायला छान होत्या. पोहे मऊ पडत नाहीत, डाळीला कीड लागत नाही, झाकणाचा मधला भाग दाबून हवा काढायची. मग त्यांनी एका डब्यात पाणी भरलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आता हा मी कुणाच्या तरी डोक्यावर उलटा धरणार. एक थेंब सांडला तर डबा फुकट." कुणीतरी हसावं म्हणून त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. हार खिडकीच्या पडद्याआड अर्धा झाकला गेला होता. "ही तुमची मुलगी का हो? अगदी तुमच्यावर गेलीय. कॉलेजात असते?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आदल्या आठवड्यात सांगायचं राहिलं ते हे असं पुढं आलं.

"हो, माझीच," मालनवहिनी म्हणाल्या. "वैजयंती. सांगलीला कॉलेजात होती. गेली ती. दीड वर्ष झालं."

मॅडमच्या हातातला डबा तसाच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहीत नव्हतं हो."

"तुम्हाला कसं माहीत असणार? नाव घेतलंत ते बरं केलंत. इथं कुणी घेत नाही." वहिनी म्हणाल्या. "तुमचं चालू द्या. पाणी सांडत नाही म्हणत होता, ते दाखवा."

मॅडमनी डबा उलटा केला. एक थेंब सांडला नाही. आणि त्यावर सुतारवहिनी, कधी चारचौघीत तोंड न उघडणारी बाई, फोटोकडं सरळ बघून म्हणाली, "माझ्या लोणच्याची बरणी वैजूनं फोडली होती. असला डबा असता तर वाचली असती." कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं, आणि मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. लुनाचं निघालं, गॅदरिंगमधल्या नाचाचं निघालं. मालनवहिनी ऐकत होत्या, एकेकीकडं बघत होत्या. रडत होत्या, पण पुसत नव्हत्या. मध्येच कुणी विचारायचं, "मॅडम, हा चौकोनी केवढ्याला?" आणि पुन्हा वैजू. अशी विक्री त्या मॅडमनी आयुष्यात केली नसेल.

ऑर्डरी लिहून झाल्या, चिवडा-कॉफी झाली. बायका पर्सा सावरायला लागल्या तशा वहिनी उभ्या राहिल्या.

"थांबा. आता माझ्याकडचे डबे."

त्यांनी मला खूण केली. आम्ही दोघींनी आतल्या खोलीतनं एकेक करून आणायला सुरुवात केली. जर्मनचे, स्टीलचे, पितळेचे; टोप, डबे, कासंड्या. चिंचेनं घासून लख्ख केलेले. आमचेच सगळे. आषाढातले. आणि प्रत्येकात रव्याचे लाडू.

"तुमची भांडी इतके दिवस ठेवून घेतली," वहिनी म्हणाल्या. "आमच्या वन्सं म्हणाल्या होत्या, सुतकातलं भांडं रिकामंच द्यायचं असतं, भरून दिलं तर दुःख दुसऱ्याच्या घरी जातं. मी दोनदा घेऊन निघाले. माझ्याच्यानं होईना. जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं मी. रिकामं देववत नव्हतं आणि भरून द्यायची चोरी. म्हणून राहून गेलं. मग इतके दिवस गेले की नुसतं भांडं घेऊन तुमच्या दारात यायची लाज वाटायला लागली. तुम्ही आमच्या तोंडात घास घातलात. त्याचं मी नाव काढलं नाही म्हणून रागावला असाल."

"कोण रागावलंय?" जमदाडेकाकू म्हणाल्या.

पहिलं भांडं हौसाबाईचं निघालं, पोचा पडलेली जर्मनची कासंडी. त्यात तिनं आंबील आणली होती. साहेबांच्या घरात चालेल की नाही म्हणून मागच्या दारात ठेवून गेली होती. "साहेबांनी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटात घातलं ते तुझं," वहिनी तिला म्हणाल्या. हौसाबाईनं कासंडी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. मग जमदाडेकाकूंचा डबा, मग शेंडेबाईंचा टोप. प्रत्येकीला नाव घेऊन, त्यातनं काय आलं होतं ते सांगून. एकही चुकलं नाही.

निघायची वेळ आली तशा बायका दारात घोटाळल्या. काय म्हणून निघायचं? जमदाडेकाकूंनी डबा काखेत मारला, चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि वळून, तो त्यांचा नेहमीचा कॉलनीभर ऐकू जाणारा आवाज काढून म्हणाल्या, "येते गं मालन."

मालनवहिनी उंबऱ्याबाहेर आल्या. म्हणाल्या, "या. या हं काकू."

आणि मग एकेक जण पायरी उतरताना "येते" म्हणत होती आणि त्या प्रत्येकीला "या" म्हणत होत्या.

मॅडमही गेल्या. मी खुर्च्या उचलत होते. माझा पितळी कडीचा डबा त्यात निघाला नव्हता. मी विचारणार नव्हते, एका डब्याचं एवढं काय. वहिनी आतनं आल्या ते हातात स्टीलचा कोरा डबा घेऊन.

"तुझा डबा माझ्याकडं नाही कुंदा. आठवतं का, दहाव्याला तू रव्याचे लाडू करून दिलेस, वैजूला तुझ्या हातचे आवडायचे म्हणून. त्याच डब्यातनं घाटावर नेले. बाकी कशाला कावळा शिवेना. लाडू ठेवला आणि लगेच शिवला. घाटावर गेलेलं भांडं घरात आणायचं नाही म्हणून डबा तिथंच ठेवावा लागला. तुझ्या आईचा होता ना तो? म्हणून हा घे."

झाकणावर नाव घातलेलं होतं. चि. वैजयंती.

"वहिनी, हा रुखवतातला. हा मी कसा घेऊ?"

"रुखवत नाही आता. डबा आहे. वापरायचा. घे, रिकामा नाही."

मी घेतला. त्या दारापर्यंत आल्या. "येते," मी म्हटलं. "ये," त्या म्हणाल्या.

आता त्या डब्याचं काय सांगू. घरी आणला खरा, पण लाडू संपल्यावर मला तो फडताळात ठेवून देववेना. गुढीपाडव्याला करंज्या भरून वहिनींकडं घेऊन गेले. तर त्यांनी तो चार दिवसांनी शेवया भरून परत धाडला. मी पुन्हा भरला. दोघींपैकी कुणालाच तो रिकामा देता येईना, म्हणून तो कुणाकडंच राहिला नाही. यांची नोकरी संपली, आम्ही कोल्हापूरला आलो. निंबाळकर साहेब गेले, वहिनी विट्याला भाच्याकडं राहायला गेल्या. तरी डबा चालू. कधी कुणाच्या गाडीतनं, कधी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती. त्यात कुरडया गेल्या, मेतकूट गेलं, नातवाच्या बारशाच्या घुगऱ्या गेल्या. झाकणावरचं नाव पुसट झालं, पण वाचता येतं.

मालनवहिनी गेल्या त्या या माघात. फोन आला, पण माझे गुडघे असे, जाणं झालं नाही. डबा त्या वेळी त्यांच्याकडं होता. मी मनाशी म्हटलं, गेला तर गेला, त्यांचाच होता.

परवा त्यांची भाचेसून आली. पोर पहिल्यांदाच आली होती घरी, पत्ता शोधत. पिशवीतनं डबा काढून माझ्या हातात दिला.

"मावशी, घरातले सगळे म्हणत होते रिकामाच द्यायचा. पण आत्यांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं. म्हणाल्या, लोक काही म्हणोत, कुंदाकडं रिकामा पाठवू नकोस. सुतकात काही करता येणार नाही, पण साखरेला कुणाचं काही जात नाही म्हणाल्या."

मी झाकण उघडलं. तळाशी मूठभर साखर होती.

त्या साखरेचा मी चहा केला. तिला दिला, मी घेतला. बराच वेळ बसली. मग निघाली तेव्हा काय म्हणून निघावं ते तिला कळेना, दारात नुसतीच उभी राहिली.

"ये गं," मी म्हटलं.